आदेश दिला नाही, म्हणून सुटका?

प्रश्न : युद्धात शाळेवर हल्ला झाला आणि सेनापती म्हणाला, 'मी आदेश दिलाच नव्हता', तर तो सुटतो का? आमच्या वाचनमंडळात यावरून वाद झाला.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : तेवढ्यावर नाही सुटत. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या करारावर उभं आहे, त्या रोम संविधीचं कलम 28 नेमकं यासाठीच आहे. सैन्य खरोखर त्याच्या ताब्यात होतं, गुन्ह्याची त्याला माहिती होती किंवा असायला हवी होती, आणि तरी त्याने रोखण्यासाठी वा चौकशीसाठी शक्य ते केलं नाही, हे सिद्ध करावं लागतं. खरा कस लागतो तो शेवटच्या मुद्द्यावर. काँगोचे माजी उपराष्ट्राध्यक्ष आणि सशस्त्र गटाचे प्रमुख बेम्बा आपल्या सैनिकांच्या गुन्ह्यांसाठी 2016 मध्ये दोषी ठरले आणि 2018 मध्ये अपिलात याच मुद्द्यावर सुटले. पीडितांसाठी हा निकाल फार जिव्हारी लागणारा होता. म्हणूनच कागद महत्त्वाचा: कोणता अहवाल कोणत्या तारखेला वर पोचला, त्यावर काय शेरा पडला. फोटो असेल तर मूळ फाइलच जपावी. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या प्रतीतून वेळ-ठिकाणाची नोंद गळते. आणि साक्षीदार मूल असेल तर त्याला तेच तेच पुन्हा विचारू नये. जबाब बिघडतो, मूलही.

भारत या न्यायालयाचा सदस्य नाही. आपल्याकडे युद्धातल्या जखमी, कैदी आणि नागरिकांच्या रक्षणाच्या करारांसाठी जिनिव्हा करार कायदा, 1960 आहे.