तोच बिल्ड प्रत्येक मशीनवर यावा म्हणून दोन फाइली

तुमचा प्रश्न असा आहे: गोकुळ शिरगावच्या तुमच्या कंपनीत कास्टिंगचे फोटो तपासणारा सी-प्लस-प्लस आणि पायथनचा प्रोग्रॅम आहे. तो सीनियरच्या लॅपटॉपवर बिल्ड होतो (म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनतो), नव्या मुलाच्या उबुंटूवर ओपनसीव्ही या फोटो हाताळणाऱ्या लायब्ररीपाशी अडतो आणि शिरोलीच्या फाउंड्रीतल्या पीसीवर नेला की तिसराच एरर देतो. मग सगळीकडे सारखं वातावरण देणारं साधन म्हणून डॉकर घ्यावं, निक्स की गीक्स?

तुमची सगळी मशीन लिनक्सवर आहेत, त्यामुळे ग्नू गीक्स घ्या. टीममध्ये कुणाकडे मॅक असता तर निक्स सांगितलं असतं, कारण गीक्स मॅकवर चालत नाही. निक्स आणि गीक्स या दोघांच्या मागची कल्पना एकच आहे: प्रत्येक पॅकेज ते ज्या ज्या गोष्टींतून बनलं त्यावरून ओळखायचं. एल्को डोल्स्ट्रा यांनी उट्रेख्त विद्यापीठात त्यावर काम केलं, २००६ मध्ये त्यांचा प्रबंध आला. २०१२ मध्ये लुडोविक कुर्तेस यांनी तीच कल्पना घेऊन स्कीम भाषेत गीक्स उभं केलं.

डॉकर वाईट नाही, पण तुमचा प्रश्न त्याने अर्धाच सुटतो. तयार इमेज (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) जपून ठेवली तर ती वर्षांनंतरही चालेल. पण डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज बांधायच्या सूचनांच्या फाइलीत, ‘एपीटी-गेट अपडेट’ (पॅकेजांची ताजी यादी आणणारी कमांड) आहे तोवर आज बांधलेली इमेज आणि सहा महिन्यांनी बांधलेली इमेज यात पॅकेजं वेगळी येणार. बेस इमेजचा टॅगसुद्धा स्थिर नसतो; ‘उबुंटू २२.०४’ या नावाखालची इमेज वेळोवेळी बदलते. डॉकरच ठेवायचं असेल तर निदान टॅगऐवजी शा-२५६ डायजेस्ट (इमेजच्या मजकुरावरून काढलेला तिचा ठसा) लिहा.

गीक्स वेगळं काय करतं, ते फाउंड्रीवाल्यांना पटकन कळेल. कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीतल्या एका वितळणीचा नंबर) असतो आणि त्यावरून रजिस्टरमध्ये त्या हीटला काय काय घातलं होतं ते सापडतं. गीक्सच्या स्टोअरमध्ये, म्हणजे सगळी पॅकेजं राहतात त्या फोल्डरमध्ये, प्रत्येक पॅकेजच्या पाथला ३२ अक्षरी हॅश असतो. फरक इतकाच की हा हॅश कुणी हाताने देत नाही. सोर्स, कंपायलर, फ्लॅग, बिल्ड स्क्रिप्ट आणि ज्यावर ते पॅकेज अवलंबून आहे ती सगळी पॅकेजं, यांतूनच तो काढला जातो. एक फ्लॅग बदलला तरी हॅश बदलतो, आणि जुनं-नवं दोन्ही एकाच मशीनवर शेजारी शेजारी नांदतात.

आता काम. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दोन फाइली करा आणि कोडसोबत गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनात) टाका. पहिली मॅनिफेस्ट, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांची यादी. जीसीसी-टूलचेन, सीमेक, मेक, पायथन, नमपाय, ओपनसीव्ही ही नावं ‘गीक्स शेल’ला देऊन ‘एक्स्पोर्ट-मॅनिफेस्ट’ हा पर्याय लावला की ती फाइल लिहून मिळते. दुसरी चॅनल्स, म्हणजे ती पॅकेजं गीक्सच्या कोणत्या आवृत्तीतून घ्यायची ते. ‘गीक्स डिस्क्राइब’चा आउटपुट चॅनल्स फॉरमॅटमध्ये घेऊन फाइलीत साठवायचा, त्यात गीक्सचा नेमका कमिट (गिटमध्ये नोंदवलेली एक ठरावीक स्थिती) असतो. ही दुसरी फाइल बरेच जण सोडून देतात आणि मग सगळी मेहनत वाया जाते. मॅनिफेस्टमध्ये फक्त नावं असतात. कोणत्या नावाला कोणती आवृत्ती, हे कमिट ठरवतो. एकाने काल ‘गीक्स पुल’ केलं (म्हणजे गीक्स ताजं केलं), दुसऱ्याने तीन महिन्यांपूर्वी, तर दोघांचं सीमेक वेगळं निघू शकतं. म्हणून रोजची कमांड ‘गीक्स टाइम-मशीन’ असावी: तिला चॅनल्सची फाइल द्यायची आणि तिच्यामार्फत मॅनिफेस्टसह ‘शेल’ चालवायचं. कमांड लांबलचक आहे, मेकफाइलमध्ये घालून टाका.

यानंतर ‘शेल’ला ‘कंटेनर’ पर्याय लावून बिल्ड करा, आणि तोही सीनियरच्या लॅपटॉपवर. ‘प्युअर’ पर्याय फक्त एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल साफ करतो, बाकीची फाइल सिस्टम दिसतच राहते. कंटेनरमध्ये उबुंटूची ‘यूएसआर’ दिसत नाही, होम फोल्डरमधल्या फाइली दिसत नाहीत, नेटवर्कही नसतं. चालू फोल्डर तेवढा दिसतो. सीनियरने कधीतरी टाकलेली आणि आता कुणाच्याच लक्षात नसलेली लायब्ररी इथे नेमकी उघडी पडते. तिथे बिल्ड अडला तर चांगलंच झालं. जे नाव कमी पडतंय ते मॅनिफेस्टमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. नेटवर्क चालू करून वेळ मारून नेऊ नका.

तुमच्याकडे कॅमेऱ्याचा बंद एसडीके, म्हणजे कॅमेरा-कंपनीने सोर्सशिवाय दिलेली लायब्ररी, असणार. तो गीक्समध्ये मिळणार नाही, आणि नेहमीच्या लिनक्सची फोल्डर-रचना गृहीत धरून बनवलेला असल्यामुळे साध्या कंटेनरमध्ये चालणारही नाही. त्यासाठी ‘इम्युलेट-एफएचएस’ हा पर्याय आहे. एसडीकेची मूळ फाइल स्वतःकडे ठेवा, तिचा शा-२५६ गिटमध्ये नोंदवा. पिप या पायथनच्या साधनाने उतरवलेल्या व्हीललाही (आधीच बांधलेल्या पॅकेजलाही) हीच अडचण येते, म्हणून पायथनची पॅकेजं शक्यतो गीक्सचीच घ्या.

एवढं झालं की वातावरण सारखं झालं. बिल्डमधून निघणारी फाइल बाइट न् बाइट सारखी निघेलच असं मात्र नाही. दोन मशीनवर ‘शा-२५६-सम’ चालवून पाहा. फरक आला तर पहिला संशय तारखेवर घ्या: कोडमध्ये कंपाइल-वेळ छापणारे डेट आणि टाइम मॅक्रो असतात. जीसीसी (सी-प्लस-प्लसचा कंपायलर) ७ पासून ‘सोर्स-डेट-इपॉक’ हे व्हेरिएबल पाळतं, त्यात शेवटच्या कमिटची वेळ द्या. दुसरा संशय फाइलींच्या पूर्ण पाथवर; त्यासाठी जीसीसी ८ पासून ‘फाइल-प्रीफिक्स-मॅप’ फ्लॅग आहे. तरीही फरक उरला तर ‘डिफोस्कोप’ हे साधन तो आत शिरून दाखवतं. ग्राहकाच्या तक्रारीवर जुनी आवृत्ती पुन्हा बांधायची वेळ येते तेव्हा हे सारखेपण फार उपयोगी पडतं.

पहिल्या वेळी डाउनलोड भरपूर होतं, डिस्कही बरीच लागते. ऑफिसातल्या एका मशीनवर ‘गीक्स पब्लिश’ (तयार पॅकेजं इतर मशीनना देणारी कमांड) कॅशेसह चालू ठेवा. तिची सार्वजनिक की बाकीच्या मशीनवर ‘गीक्स आर्काइव्ह’च्या ‘ऑथराइझ’ पर्यायाने नोंदवा आणि तिथल्या गीक्सच्या डीमनला (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला) या सर्व्हरचा पत्ता द्या. मग सगळे तिथूनच घेतील. याला दुसरंही कारण आहे. फार जुन्या कमिटची तयार पॅकेजं अधिकृत सर्व्हरवर नेहमी मिळतीलच असं नाही, आणि मग सगळं स्वतः कंपाइल करत बसावं लागतं.

शिरोलीच्या पीसीवर गीक्स टाकायची गरज नाही. तुमच्या प्रोग्रॅमची पॅकेज-व्याख्या लिहा आणि ‘गीक्स पॅक’ दुहेरी ‘आर’ पर्यायासह चालवा. लागणाऱ्या लायब्ररींसकट एक टारबॉल (सगळं एकत्र बांधलेली एकच फाइल) मिळतो. तो पेनड्राइव्हवर न्या आणि हव्या त्या फोल्डरमध्ये सोडवा, रूट पासवर्ड लागत नाही. व्याख्या लिहिताना ओपनसीव्हीपाशी अडलात तर कंटेनरमधला पूर्ण एरर आणि चॅनल्सची फाइल दोन्ही दाखवा, त्याशिवाय नेमकं सांगता येणार नाही.