समुद्र, सासूबाई आणि तारखांचा घोळ

प्रश्न : डॉक्टरकाकू, सप्रेम नमस्कार. मी ३३ वर्षांची, वडोदऱ्याला दांडिया बाजारात राहते. मुलगा अडीच वर्षांचा आहे, सिझेरियन झालं होतं. दिवाळीपासून दुसऱ्यासाठी प्रयत्न चालू आहेत, अजून काही नाही.

माघ पौर्णिमेच्या सुमारास आम्ही सगळे गणपतीपुळ्याला निघालो आहोत. सासू-सासरे, नणंद, नंदोई, त्यांच्या दोन मुली आणि आम्ही तिघं. रत्नागिरीपर्यंत रेल्वेचं रिझर्वेशन झालंय, पुढे जीप. घरगुती राहण्याच्या ठिकाणी दोन खोल्या घेतल्यात, एकीत बायका-मुलं, दुसरीत पुरुष. आणि मोबाइलमधलं पाळीचं ॲप सांगतंय की माझा ‘तो’, म्हणजे बीज सुटायचा दिवस नेमका तिथल्या मुक्कामात येतोय! माझी पाळी कधी २६ दिवसांनी येते, कधी ३४.

घरी तरी काय वेगळं? जुनं घर आहे, आमच्या आणि सासूबाईंच्या खोलीच्या मध्ये फळ्यांचं पार्टिशन. मुलगा मध्ये झोपतो, अजून रात्री अंगावर पितो आणि माझी कानाची पाळी धरल्याशिवाय डोळा मिटत नाही. हे मकरपुऱ्याला फाउंड्रीत आहेत, थकून येतात. परवा मी तारीख सांगितली तर म्हणाले, “मला ड्युटी लावलीय का?” आता म्हणतात, ट्रिपच रद्द करू.

सासूबाईंना आम्ही काही बोललो नाही, पण त्यांनी ओळखलंय. खाऱ्या पाण्यात उतरू नकोस, जीपचे हादरे नकोत, मुलाला कडेवर घेऊ नकोस, मासे उष्ण पडतात, असं रोज एकेक चालू आहे. यातलं खरं किती? बीज कधी सुटेल ते लघवीवरून सांगणारं किट बरोबर न्यावं का? आणि त्यांना सरळ सांगून टाकावं का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ट्रिप रद्द करू नकोस. खोल्या मात्र बदल. तुझ्या पत्रातलं खरं दुखणं मला समुद्रात दिसत नाही, ॲपमध्येही नाही. ते त्या फळ्यांच्या पार्टिशनमध्ये आहे, आणि आता तेच पार्टिशन तुम्ही सामानाबरोबर कोकणात घेऊन निघाला आहात.

आधी त्या ॲपचा निकाल लावू. स्त्रीबीज बाहेर पडतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. मागच्या पाळीनंतर चौदाव्या दिवशी असं जे सगळ्याजणी धरून चालतात, ते फक्त २८ दिवसांचं चक्र असलेल्या बाईला लागू पडतं. तुझं चक्र २६चं असेल तेव्हा बीज बाराव्या दिवसाच्या आसपास सुटणार, ३४चं असेल तेव्हा विसाव्याच्या. मधे आठवडाभराचं अंतर पडलं. ॲप बिचारं सरासरी काढून एका दिवसावर गुलाबी ठिपका देतं आणि घरोघरी त्या ठिपक्यावरून भांडणं होतात.

बीज सुटल्यावर १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र गर्भाशयात आणि नळीत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून दिवस राहण्याजोगा काळ सहा दिवसांचा धरतात, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक. त्यातही आधीचे दोन-तीन दिवस जास्त उपयोगाचे, कारण बीज येईल तेव्हा शुक्रजंतू तिथे पोचलेले हवेत. एक रात्र हुकली तर महिना वाया गेला असं अजिबात नाही. पाळी सुरू झाल्यापासून आठव्या-नवव्या दिवसानंतर पुढे दहा-बारा दिवस, एक दिवसाआड जमेल तसं जवळ आलात तरी पुष्कळ झालं. निघण्याआधी घरी, परतल्यावर घरी आणि मुक्कामात एखाद-दोन वेळा, एवढ्यात तुझा काळ बहुतेक झाकला जातो.

किट न्यायचं तर ने, पण कशासाठी ते समजून. त्यातली दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा जास्त गडद झाली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज सुटायचा संभव असतो. पट्टी दुपारी तपासली तरी चालते, फक्त त्याआधी दोन तास फार पाणी पिऊ नकोस. तुला चक्र लांबतं तेव्हा उपयोग होईल. पण रेघ दिसली की नवऱ्याला फोटो पाठवायचा, हे बंद. तो ‘ड्युटी’ म्हणाला त्यात त्याचं फार चुकलं असं मला वाटत नाही. भट्टीशेजारी दिवस काढून घरी आलेल्या माणसाला तारखेची नोटीस मिळाली की त्याचं मन आणि शरीर दोन्ही संप करतात. माझ्या ओपीडीत अशी जोडपी कायम यायची. तपासण्या सगळ्या नॉर्मल आणि ‘त्या’ दिवशी नेमकं काही जमत नाही. तू तारखा लक्षात ठेव, त्याला फक्त “आज लवकर ये” एवढंच सांग.

त्याच्याबद्दल आणखी एक. फाउंड्रीतल्या उष्णतेचा शुक्रजंतूंवर परिणाम होऊ शकतो. वृषण शरीराच्या बाहेर असतात ते त्यांना थंडावा हवा म्हणूनच. शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणजे आज घेतलेल्या काळजीचं फळ अडीच-तीन महिन्यांनी दिसतं. मावा किंवा तंबाखूचा मसाला तोंडात असेल तर तो सोडायला आजचाच मुहूर्त धरा. आणि उंबरगाव मागे पडलं, महाराष्ट्राची हद्द लागली की आमच्या गुजरातेतल्या पुरुषमंडळींना एकदम तहान लागते, हे मला चांगलं ठाऊक आहे. नंदोईंना आधीच सांगून ठेव, तुझ्या नवऱ्याला सोलकढी पाजा.

आता सासूबाई. समुद्राच्या पाण्याने काही धुऊन जात नाही, गर्भाशय काही उघड्या तोंडाचा तांब्या नाही. जीपच्या हादऱ्यांनी गर्भ रुजायचा थांबत नाही. कडेवरचं मूल खुशाल कडेवर घे. एरवी कमाटीबागेत त्याच्या मागे धावतेसच की, तेव्हा कोण अडवतं? मासे उष्ण पडतात यालाही आधार नाही, पण माशांच्या बाबतीत थोडं तारतम्य हवं ते वेगळ्या कारणासाठी. मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो, त्यामुळे मोरी (शार्क) टाळ आणि मोठी सुरमई रोज उठून नको. बांगडा, तारली, बोंबील मजेत खा. कालवं कच्ची किंवा अर्धवट शिजलेली नकोत. ब्राह्मणी खाणावळीत उतरणार असाल तर हा परिच्छेद विसर आणि उकडीचे मोदक खा.

अंगावर पिण्याचं म्हणशील, तर पाळी महिन्याच्या महिन्याला येते आहे, म्हणजे रात्रीच्या एखाद्या पाजण्याने बीज अडलेलं नसावं. ट्रिपच्या तोंडावर त्याचं दूध तोडायला जाऊ नकोस. नवी जागा, नवा बिछाना आणि वर तेही बंद केलंस तर रात्रभर सगळं बिऱ्हाड जागं राहील.

खोल्यांचं असं कर. आणखी एक खोली मिळते का ते विचार. लहान, मागच्या अंगणातली, कशीही चालेल, आतून कडी लागली म्हणजे झालं. तिघींना आणि तिघांना वेगळं करणारी ती वाटणी तुमच्या सोयीची नाही, ती फक्त लग्नाच्या वऱ्हाडाची जुनी सवय आहे. आणि मुलाला दोन रात्री आजीकडे झोपव. त्याची रंगीत तालीम घरीच सुरू कर. आधी दुपारची झोप आजीजवळ, मग रात्रीची. कानाची पाळी आजीलाही आहे. पहिल्या दिवशी रडेल, मग ती धरायला लागेल.

सासूबाईंना सगळं सांगायची गरज नाही. “आई, तिकडे दोन रात्री याला तुमच्याकडे घ्याल का?” एवढं वाक्य पुरेल. त्या चार सुना-जावांच्या घरात नांदलेल्या आहेत, पुढचं त्यांना कळतं. त्यांची रोजची मनाई मला तरी वेगळी वाटते. त्यांना काहीतरी करायचं आहे आणि तुम्ही त्यांच्यासाठी कामच ठेवलेलं नाही. नातू सांभाळायचं काम दिलंस की माशांचा विषय आपोआप मागे पडेल.

आता मला खरी काळजी वाटते ती त्या अडीच वर्षांच्या पोराची. गणपतीपुळ्याचा किनारा दिसायला देखणा, पण पोहायला फसवा. पाण्याला आत ओढ आहे, तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. देऊळ अगदी पुळणीवरच, दर्शन झालं की लोक तसेच लाटांकडे धावतात. तुम्ही पौर्णिमेला असणार म्हणजे उधाणाची भरती. कोकणातला जुना हिशेब असा, तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. पौर्णिमा पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री त्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं आणि संध्याकाळी सव्वापाचच्या आसपास पूर्ण ओहोटी. पुढे दर दिवशी पाऊण तास सरकत जातं. हा ठोकताळा आहे, तिथल्या माणसाला एकदा विचारून घ्या. दुपारी ऊनही डोक्यावर आणि पाणीही भरलेलं, तेव्हा पोराला किनाऱ्यावर नेऊच नका. साडेचारनंतर ओली, घट्ट वाळू उघडी पडते, त्याला बादली-फावडं देऊन तिथे बसवा.

घोट्याएवढ्या पाण्यातही परतणारी लाट लहान मुलाच्या पायाखालची वाळू काढून नेते आणि ते तोंडावर पडतं. बुडणारं मूल ओरडत नाही, हातपाय मारून लक्षही वेधून घेत नाही. आणि सहा-सहा मोठी माणसं बरोबर असली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय. म्हणून पहारा वाटून घ्या. एका वेळी एकच माणूस, हाताच्या अंतरावर, मोबाइल दुसऱ्याच्या खिशात. पहारा बदलताना तोंडाने बोलायचं, “आता तुझ्याकडे.” नंदोई फोटो काढत असतील तर त्यांच्याकडे नाहीच द्यायचं. साधा डायपर समुद्रात फुगून दगडासारखा होतो, तो काढून चड्डी घाल. अंगभर सुती कपडे, टोपी, उघड्या भागाला सनस्क्रीन, आणि घरी येताच गोड्या पाण्याने आंघोळ. ओआरएसची पाकिटं इथूनच घेऊन जा. रत्नागिरीहून पुढचा रस्ता वळणांचा आहे, जीपमध्ये बसण्याआधी त्याला पोटभर दूध नको.

तुझ्या पर्समध्ये फॉलिक ॲसिड हवं. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांत मिटते, तेव्हा बहुतेकींना दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. म्हणून गोळी आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम. आपल्याकडे दुकानात सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची असते, तेव्हा तुला कोणती हवी ते डॉक्टरांकडून लिहून घे. त्याच भेटीत हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर एक महिना थांबावं लागतं, हे लक्षात ठेव. चालून पाय दुखले तर पॅरासिटामॉल घे, ब्रुफेनच्या जातीची गोळी या दिवसांत नको.

दिवाळी ते माघ म्हणजे जेमतेम तीन-चार महिने. पस्तिशीच्या आतल्या बाईने वर्षभर वाट पाहावी, मग तपासण्यांकडे वळावं, असा आमच्याकडे नियम आहे. पस्तिशी ओलांडली की सहा महिने. सिझेरियननंतर तुमचं अंतरही व्यवस्थित पडलेलं आहे. तरी नवऱ्याचं काम भट्टीजवळचं म्हणून त्याची वीर्यतपासणी थोडी आधी केली तर मी नाही म्हणणार नाही. साधी आहे, स्वस्त आहे आणि बाईच्या दहा तपासण्यांच्या आधी व्हायला हवी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

प्रवासाने, जागरणाने बीज सुटायला उशीर होऊ शकतो आणि मग पाळीही पुढे जाते. तेव्हा परतल्यावर तारीख उलटली की लगेच औषधाच्या दुकानात धावू नकोस. तुझं लांबातलं लांब चक्र ३४ दिवसांचं, तेवढे होऊ दे, मग सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी कर.

आणि तिसऱ्या खोलीसाठी फोन आजच लाव. पौर्णिमेला पुळ्यात आयत्या वेळी खोली मिळत नाही.