निगेटिव्ह स्कॅन करताय? आधी धूळ, मग डीपीआय

ब्लोअरने दोन्ही बाजूंनी हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब इमल्शनवर (फिल्मवरचा चित्र धरणारा थर) डाग पाडतात. फिल्म काचेला थेट टेकली की रंगीत वलयं उमटतात, म्हणून होल्डर हवाच. इमल्शनची बाजू म्हणजे कमी चकाकणारी.

३५ मिमी फिल्मला ३२०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) पुरे, साधारण ४५०० बाय ३००० पिक्सेल मिळतात. ६४०० ला बहुतेक फ्लॅटबेडवर (सपाट काचेच्या स्कॅनरवर) नुसती फाइल फुगते.

इन्फ्रारेड धूळ-सफाई (अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून ती चित्रातून पुसणारी स्कॅनरची सोय) नेहमीच्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मला बंदच ठेवा. चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, मग सॉफ्टवेअर चित्रालाच धूळ समजून खरवडतं. कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फिल्म) स्लाइडलाही जपून. रंगीत निगेटिव्हला मात्र खुशाल चालू करा, तासन्‌तास वाचतात.

मूळ प्रत १६ बिट टिफमध्ये (८ बिटपेक्षा कितीतरी जास्त रंगछटा साठवणारी फाइल) ठेवा. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक काढताना रंग ओढावे लागतात, ८ बिटमध्ये आकाशात पट्टे पडतात.