पार्किंगमधला ‘माका’ तेलासाठी चालेल का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या पार्किंगमागे माका माजलाय, फुलाच्या पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळं, आणि त्याचं केसांसाठी तेल काढायचंय. थांबा. मध्ये पिवळं दिसलं की तो माका नाही. ती एकदांडी आहे. कुणी तिला दगडी पाला म्हणतं, कुणी कंबरमोडी, कुणी जखमजोडी.

फुलाचा देठ बघा. वीतभर उंच, नुसताच उभा, त्यावर एकही पान नाही आणि टोकाला एकच फूल. बाकी सगळं झाड जमिनीला चिकटून पसरलेलं, पानं खरखरीत आणि दातेरी. पाकळ्या बहुधा पाचच असतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला तीन बारीक दात. (खरं तर ती एकेक ‘पाकळी’ म्हणजे स्वतंत्र फूल आणि मधला पिवळा गोळा म्हणजे नळीसारख्या फुलांचा घोळका. सूर्यफुलाच्या गोतावळ्यात बऱ्याच जणांची हीच तऱ्हा, माक्याचीही.) सुकलं की पांढुरका झुपका होतो आणि फुंकर मारली की बिया तरंगत जातात. लहानपणी आम्ही देठाचा फास करून त्याचं मुंडकं समोरच्याच्या अंगावर उडवायचो.

माक्याचं फूल शर्टाच्या बटणापेक्षा लहान, मधोमधही पांढरटच, आणि पानाच्या बेचक्यात आखूड देठावर बसलेलं. पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक, पुष्कळ. पानं लांबट, निमुळती. त्याला ओल लागते. पाटाची कड, भाताचा बांध, नाहीतर मोरीचं पाणी जातं ती जागा. पार्किंगच्या कोरड्या मुरमात तो माजणं कठीणच.

तरी शंका असेल तर पान तळहातावर चुरडा आणि थोडा वेळ थांबा. माक्याचा रस हिरव्याचा काळा पडतो. आमची आजी तेल काढायची तेव्हा तिचा अंगठा दोन दिवस काळाच असायचा.

आणि ते ‘एकदांडी, ऋषीमुनींचं हजारो वर्षांपूर्वीचं औषध’ असं फॉरवर्ड फिरतं ना, त्याचं मला हसू येतं. ही मूळची मेक्सिको आणि उष्ण अमेरिकेकडची. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोचला, त्याआधी आपल्याकडच्या आयुर्वेदाच्या संहितांमध्ये ती येणार कुठून? शास्त्रीय नाव ट्रायडॅक्स प्रोकंबेन्स, 1753 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने दिलेलं. मराठी नावं मात्र तिने इतकी कमावली की परकी वाटत नाही.

खरचटल्यावर तिचा पाला चोळून लावतात हे खरं, मीही लावलाय. प्राण्यांवर जखम भरण्याचे प्रयोगही झालेत. पण पार्किंगमधल्या पाल्यावर कुत्री काय काय करून जातात ते तुम्हाला माहीत आहेच. जखम खोल असेल तर सरळ दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

तेलासाठी नाही म्हणून सगळी उपटूही नका. सकाळी नऊ-दहाला तिथे जाऊन उभे राहा, छोटी पिवळी आणि निळी फुलपाखरं तिच्यावरच असतात.

माका हवा असेल तर गणपतीत पत्रीवाल्यांकडे मिळतो, एकवीस पत्रींत तो असतोच. फक्त तिथेही पान आधी चुरडून बघा. गेल्या वर्षी माझ्या जुडीत माका म्हणून एकदांडीच निघाली, फुलासकट.