वाचकांचे प्रश्न: सिनेमातला नाझी आणि खरा नाझी

प्रश्न : बारावीतल्या मुलाने 'शिंडलर्स लिस्ट' बघितला, तेव्हापासून म्हणतो की नाझी म्हणजे त्या बाल्कनीतून गोळ्या घालणाऱ्या माणसासारखे सायको. असे सिनेमे बघून खरं काय ते कळतं का? आणि धाकटीला, वय १०, दाखवावा का?

उत्तर : तो माणूस खरा होता हो, आमोन ग्योट, पोलंडमधल्या क्राकोवजवळच्या प्लाशोव छळछावणीचा कमांडंट, १९४६ मध्ये क्राकोवला त्याला फाशी दिली. पण गंमत बघा (गंमत कसली म्हणा), सिनेमातली छावणी शेजारच्या लिबान नावाच्या दगडखाणीत सेट लावून उभी केली होती, त्या सेटचे अवशेष तिथे राहिले आणि लोक तेच खरं समजून फोटो काढतात, खरी छावणी मात्र जवळच गवताखाली. त्यात त्या खाणीतही युद्धात नाझींची सक्तमजुरीची छावणी होतीच, ती कोणाला माहीतच नाही! म्हणजे खऱ्यावर खोटं बसलं.

म्हणून सिनेमे वाईट असंही मी म्हणणार नाही. 'होलोकॉस्ट' नावाची अमेरिकन सिरीयल जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत लागली, चार भाग, एलि विझेलसारख्या छळछावणीतून वाचलेल्या लेखकाने तिला उथळ म्हणून झोडपलं होतं, आणि होतीच ती जरा रडारडीची. तरी कोट्यवधींनी बघितली, चॅनेलला हजारो फोन गेले, आणि होलोकॉस्ट (नाझींनी केलेला ज्यूंचा संहार) हा शब्द तिथे घरोघरी गेला तो तेव्हा. फ्रँकफर्टला आउश्वित्झ या मृत्युछावणीतल्या नाझींवरचा खटला १९६३ ते ६५ चालला होता, पण सिरीयलमधल्या एका ज्यू कुटुंबाच्या गोष्टीने लोक हलले तसे त्याने हलले नव्हते. १९७९ च्याच जुलैत पश्चिम जर्मनीच्या संसदेने खुनाचा खटला भरण्याची मुदत कायमची काढून टाकली, २५५ विरुद्ध २२२ मतांनी, नाहीतर वर्षअखेरीनंतर जुन्या नाझींवर नवीन खटले भरता आले नसते. सगळं श्रेय सिरीयलला नको, वाद आधीपासून चालू होता, पण धक्का तिने दिला.

मुलाची गडबड एवढीच झालीये की त्याला सायको दिसला, पण माणसं भरलेल्या गाड्यांचं टाइमटेबल लावणारा रेल्वेचा क्लार्क दिसला नाही, जो संध्याकाळी घरी जाऊन जेवला असेल. त्याला आयखमान या नाझी अधिकाऱ्याबद्दल वाचायला सांगा, तो माणसं छावण्यांकडे पाठवायचं काम ऑफिसात बसून करायचा.

धाकटीला नको, अजून चारपाच वर्षं थांबा, सव्वातीन तासांचा आहे आणि घाई कसलीये.