मुलीचा लॅपटॉप प्रोग्रॅमिंगला पुरत नाही. नवा घ्यावा की हाच वाढवावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगी सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप २०१९ सालचा, इंटेलचा आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. अँड्रॉइड स्टुडिओ, म्हणजे मोबाइलची ॲप्स बनवायचं सॉफ्टवेअर, उघडला की सगळं गोठतं. दुकानदार ७० हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो. घराच्या खालीच तुमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे आणि सध्या धंदा मंद आहे.

मी १२ वर्षं सॉफ्टवेअर लिहितो, त्यातली शेवटची पाच वर्षं सोलापुरात घरी बसून. माझं म्हणणं स्पष्ट आहे: ७० हजार आत्ता काढू नका. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर अजून चांगला आहे, अडलंय ते दुसरीकडे.

तुमच्या मागाचंच उदाहरण घ्या. माग कितीही वेगाचा असला तरी धाग्याची कांडी संपली की तो उभा राहतो. त्या वर्षीच्या बहुतेक आय-फाइव्हमध्ये चार कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे चार भाग, आहेत. कॉलेजच्या प्रोजेक्टला तेवढे पुरतात. पण प्रोसेसरला कांड्या पुरवणारी हार्ड डिस्क फिरती आहे, आतमध्ये तबकडी आणि तिच्यावर सरकणारा हात. वेगवेगळ्या जागी ठेवलेल्या लहान फायली वाचायच्या तर ती सेकंदाला जेमतेम शंभरएक ठिकाणी पोचते. एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपांची डिस्क, त्याच वेळात हजारोंनी वाचते. आणि अँड्रॉइडचा प्रोजेक्ट तयार होताना, किंवा वेबसाइटच्या प्रोजेक्टमधली ती नोड मॉड्यूल्सची, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची, पेटी उघडताना, नेमक्या अशाच हजारो बारीक फायली लागतात. मुलगी स्क्रीनकडे बघत बसते तेव्हा माग उभा असतो, एवढंच.

हे माझ्या शब्दावर घेऊ नका, मोजून बघा. मुलीला म्हणावं, रोज जे जे लागतं ते सगळं उघड: अँड्रॉइड स्टुडिओ, एम्युलेटर (लॅपटॉपमध्येच फोनची नक्कल करतो तो), ब्राउझरच्या दहा टॅब. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि परफॉर्मन्सच्या पानावर जायचं. डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २०-३० वर रेंगाळतोय, तर दोष डिस्कचा. मेमरी ९० च्या वर गेली असेल तर रॅमही कमी पडतेय. मेमरी भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर ठेवायला लागतं, आणि डिस्कच मंद असल्यामुळे दोन्ही दुखणी एकमेकांना वाढवतात. तुमच्याकडे बहुधा हेच चाललंय. सीपीयूच सतत १०० वर असेल तर मात्र मला परत विचारा, कारण मग पुढचा सल्ला बदलेल.

त्याच मेमरीच्या पानावर खाली दोन ओळी आहेत, त्यांचा फोटो काढून ठेवा. एकीत किती स्लॉट वापरलेत ते लिहिलेलं असतं, दुसरीत रॅम कोणत्या रूपात बसवलीय ते, म्हणजे फॉर्म फॅक्टर. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४ जीबी बोर्डावरच सोल्डर केलेली आणि ४ जीबीची पट्टी स्लॉटमध्ये, अशी जोडी असते. तसं असेल तर पट्टी काढून १६ ची घाला, एकूण २० जीबी होतील. दोन्ही बाजू सारख्या नसल्या तरी चालतं, मशीन सांभाळून घेतं. एक स्लॉट रिकामा असेल तर आहे तशीच ८ ची दुसरी पट्टी घातली तरी भागेल. मात्र मॉडेल कंपनीच्या साइटवर शोधून किती रॅमपर्यंत जाता येतं ते आधी वाचा. आणि पट्टी डीडीआर-४ चीच हवी. डीडीआर-५ ची खाचच वेगळ्या जागी असते, ती बसत नाही. रॅमचे भाव वर्षभरात बरेच हलतात, त्यामुळे दोन्ही एकदम परवडत नसेल तर आधी एसएसडी घ्या, महिनाभर वापरा आणि मग रॅमचं ठरवा.

एसएसडीबद्दल एकच काळजी. तुमच्या मॉडेलमध्ये एम-डॉट-टू ची जागा (पट्टीसारखी एसएसडी बसते तो खाचा) रिकामी आहे का, आणि तिथे वेगवान एनव्हीएमई एसएसडी चालते की फक्त जुन्या, मंद साटा जोडणीची, हे दुकानात जाण्याआधी माहीत हवं. जागाच नसेल तरी काही अडत नाही. हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते आणि फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. ५१२ जीबी पुरे. ही कामं सोलापुरात नीट होतात, पुण्याला न्यायची गरज नाही. फक्त त्याआधी मुलीचं सगळं काम दुसरीकडे कॉपी झालेलं असू द्या, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

एक गोष्ट फुकटात होते. एम्युलेटर बंद करा आणि तिचाच मोबाइल केबलने लावा. फोनमध्ये डेव्हलपर ऑप्शन्स उघडून यूएसबी डिबगिंग चालू केलं की ॲप थेट फोनवर चालतं. दोन-तीन जीबी मेमरी तिथल्या तिथे मोकळी होते, आणि खऱ्या फोनवर ॲप कसं वागतं तेही कळतं.

आता उन्हाचं आणि धुळीचं, कारण तुमच्या घरात हे जास्त महत्त्वाचं आहे. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर जातो. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत नीट चालणारं मशीन मे मध्ये म्हातारं वाटतं ते त्यामुळे. त्यात खाली माग चालतात, म्हणजे हवेत सुताची बारीक धूळ. ती पंख्याच्या मागच्या जाळीवर नमद्यासारखी बसते आणि वारा बाहेर पडतच नाही. सात वर्षांचं मशीन कधी उघडलंय का? उघडलं नसेल तर रॅम-एसएसडी घालतानाच पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. तुमच्याकडे मी दर सहा महिन्यांनी करायला सांगेन. आणि गादीवर ठेवून वापरू नये, हवा खालूनच ओढली जाते.

तरीही नवा घ्यायची वेळ येईलच, नोकरी लागल्यावर किंवा त्याआधी. तेव्हा माझी चूक करू नका. पुण्याला कंपनीत होतो तेव्हा दर आठवड्याला हुतात्मा एक्स्प्रेसने ये-जा व्हायची. पाठीवर ओझं नको म्हणून एकदम पातळ लॅपटॉप घेतला, ८ जीबीचा. सगळी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती, हे मला वर्षभराने कळलं, डॉकर हे भरपूर मेमरी खाणारं सॉफ्टवेअर चालवायची गरज पडली तेव्हा. प्रोसेसर, स्क्रीन, कीबोर्ड सगळं उत्तम, आणि तरी दोन वर्षांत निम्म्याहून कमी किमतीला विकावा लागला. त्या दिवसापासून मी आधी एकच विचारतो: यात नंतर काय बदलता येणार नाही? रॅम सोल्डर केलेली असेल तर पहिल्याच दिवशी १६ घ्या. जमलं तर ३२. एलपीडीडीआर असं लिहिलेलं दिसलं तर ती बहुतेक वेळा सोल्डर केलेलीच समजा. मॅकबुकमध्येही नंतर वाढवता येत नाही. आयफोनचं ॲप बनवायचं असेल तर मॅक लागतोच, कारण ती ॲप्स बनवायचं एक्सकोड दुसरीकडे चालत नाही. नाहीतर गरज नाही.

गेमिंगचं म्हणाल तर वेगळं ग्राफिक्स कार्ड जावा, वेब किंवा अँड्रॉइड शिकायला कामाला येत नाही. वजन आणि उष्णता मात्र येते. मशीन लर्निंगला एनव्हिडियाचं कार्ड उपयोगी पडतं हे खरं, पण शिकण्यापुरतं गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळतं.

मॉडेलच्या नंबरावरून दुकानात फसगत होते तीही बघून ठेवा. एएमडीचे रायझन ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू हे प्रोसेसर शेजारी ठेवले तर तिन्ही एकाच वर्षीचे भाऊ वाटतात. पण आतली रचना झेन-२, झेन-३ आणि झेन-४, म्हणजे पहिला कितीतरी जुना. तिसरा आकडा बघायचा असतो, पहिला नाही. आणि ७५२०यू बरोबर रॅमही सोल्डर केलेलीच येते.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे अपडेट्स, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा प्रोसेसर आठव्या पिढीचा आहे, विंडोज ११ ला इंटेलची हीच पिढी किमान लागते, म्हणजे तुम्ही काठावर का होईना आत आहात. एसएसडी बसवताना ११ च नव्याने टाकून घ्या, जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं उचलून तिच्यावर ठेवू नका.

काढलेली हार्ड डिस्क दुकानदाराकडे सोडून येऊ नका. यूएसबीचं केसिंग घेऊन तिच्यात घाला, मुलीच्या प्रोजेक्टची दर रविवारची कॉपी तिच्यावर ठेवता येईल.