अंतर ठेवावं लागतं

प्रिय,

तू केलेलं वेबपान पाहिलं. कागदासारखी मळकट पार्श्वभूमी, फिकट करडी अक्षरं, चहूबाजूंनी ऐसपैस मोकळीक. आणि ज्यांच्यासाठी केलंस ते म्हणतात, "अर्धं पान रिकामं दिसतंय, काहीतरी भरा." काय भरू, असं विचारतेस. काही भरू नकोस. पण त्यांना खटकलं ते खरं आहे. तुझ्या पानावरची जागा नुसती उरली आहे. जपानी लोक ज्याला ‘मा’ म्हणतात ते अंतर उरत नसतं, ते ठेवावं लागतं.

हा शब्द लिहिताना दाराच्या चिन्हात सूर्याचं चिन्ह काढतात: फटीतून दिसणारा उजेड. क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातल्या दगडी बागेत १५ दगड आहेत, ५ गटांत. बाकी पांढरी खडी, आणि तिच्यावर नेमानं दाताळं फिरतं. निगा मोकळ्या जागेची! तुझ्या सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, मात्र १३, १७, २२, ३० पिक्सेल, जिथे जे बसलं ते. सहाच मापं ठरव: ४, ८, १६, २४, ४०, ६४. सातव्याचा मोह झाला, तर त्या दोन घटकांचं नातंच अजून ठरलेलं नाही असं समज.

मथळ्याचं बघ. वर २४, खालीही २४. मग तो आधीच्या मजकुराचा की पुढच्या? मथळा आणि त्याचा मजकूर एका खोक्यात घाल, आत ‘गॅप’, म्हणजे घटकांमधलं ठरवून दिलेलं अंतर, ८, दोन खोक्यांमध्ये ४०. मार्जिनच्या, म्हणजे प्रत्येक घटकाभोवती सोडलेल्या जागेच्या, भरवशावर राहू नकोस. साध्या मांडणीत लागोपाठच्या घटकांची उभी मार्जिनं एकमेकांत मिसळतात आणि मोठं असेल तेवढंच लागू होतं. फ्लेक्स किंवा ग्रिड या सीएसएसच्या दुसऱ्या मांडणी-पद्धतींमध्ये त्यांची बेरीज होते. तुझं पान मधेच विस्कटतं ते यामुळे. अंतर ठेवलेलं नव्हतं, आपोआप पडलं होतं.

ओळींची उंची अक्षरांच्या आकाराच्या फक्त १.२ पट? देवनागरीत वर वेलांट्या, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. १.७च्या खाली मी कधीच जाणार नाही. ओळ साधारण ६० अक्षरांची ठेव. त्याहून फार लांबली की परत येताना नजर ओळ चुकते. मथळ्यात अक्षरं फाकवली आहेस ती मिटव, शिरोरेघ तुटते आहे. कुठे अंतर नको हेही ठरवावंच लागतं.

‘मा’ वेळेतही असतं. चित्रांना रुंदी-उंची दिलेली नाहीस, म्हणून चित्र उशिरा आलं की मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं. चित्राआधी त्याची जागा यायला हवी.

मला या बाबतीत हट्टी म्हणतात. म्हणोत. ‘भरा’ म्हटलं की भरून देण्यात माझी वर्षं गेली आणि त्यातलं एकही पान आज कुणाला दाखवावंसं वाटत नाही. तुझ्या हातून तसं होऊ नये म्हणून इतकं बोललो.

त्यांच्यापुढे ‘मा’ वगैरे शब्द काढू नकोस. हे बदल कर, जुनं-नवं पान शेजारी ठेव आणि नोंदणीचं बटण शोधायला सांग. आणि अक्षरं आधी गडद कर. पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ हवा.